दुपारचा फोन

अंदमानमधल्या एका दूरच्या बेटावर आम्ही मैत्रिणी चाललो होतो. कोराडीच्या घरातून निघेपर्यंत बाबांनी माझं डोकं खाल्लं. "लाइफ जॅकेट काढू नको वं मेघा. तिथं मगरी असतात, खाडीत पाय टाकू नको. अन् रोज दुपारी मले फोन कर." शेवटी त्यांनी स्वतःच्या शर्टच्या खिशातला कांदा काढून माझ्या पर्समध्ये टाकला. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही म्हणून मे महिन्यात ते त्याच्याशिवाय दारातसुद्धा जात नसत.

बेटावर रेंजच नव्हती. बाकी सगळं मी पाळलं. जॅकेट काढलं नाही, खाडीकडे फिरकले नाही, मच्छरदाणीत झोपले. साधं खरचटलंही नाही.

परतताना रेंज आली तशी बाबांना फोन लावला. शेजारच्या नागसेनकाकांनी उचलला आणि "ये तू" एवढंच म्हणाले.

घरी पोचले तर दाराबाहेर चपलाच चपला. आई भिंतीला टेकून बसली होती. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिच्यासमोर बसले. पंखा गरम हवा फेकत होता. 

मग आई म्हणाली, "तुहा फोन येत नव्हता ना. आपल्याच घरात रेंज नसंल म्हणून रोज भर दुपारी छतावर जाऊन उभे राहत. परवा खाली आलेच नाही."