मामाची मांडी

ओट्यावरचा फोन थरथरला, शेजारच्या वाट्या किणकिणल्या. व्हिएतनामला एकटाच फिरायला गेलेला धाकटा भाऊ व्हिडिओ कॉलवर दिसला. मागं टेबलाशी दोन पुरुष हसत होते. “ताई, ही जोडी. मला एकटं जेवताना बघून बोलावलं. मीही गे आहे म्हणालो, तर म्हणाले, मग आधीच यायचं की! आपली सोलापुरी शेंगाचटणी पार संपवली.” मी हसले, लेकीच्या अजून कात्री न लागलेल्या केसांतून कंगवा फिरवत राहिले. “हिचं जावळ कधी ठरलं? मामाच्याच मांडीवर काढायचं हां!” सकाळीच नवऱ्यानं सांगितलं होतं, “त्याच्या मांडीवर पोरगी द्यायची नाही. तुझ्या चुलतभावाला बसव.” मी मान डोलावली होती. रडूसुद्धा आलं नव्हतं. “तारीख अजून धरली नाही रे,” मी म्हणाले. त्यानं हात हलवला, मागच्या दोघांनीही. फोन ठेवला. लेक माझ्याकडं वळली. “आई, रविवारी आहे की. मामाला का नाही सांगितलंस?”