पकड

चेतना पुण्याच्या प्रयोगशाळेत लागून तीन वर्षं झाली, पण केशोरीच्या निर्मलाबाईनं लेकीच्या कामाबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र तिनं फोनवर थेटच विचारलं, "तू तिथं करतेस तरी काय वं?"

चेतना हरखली. "माय, पेशीले जे प्रथिन मोडून टाकायचं असते ना, त्याच्यावर ती युबिक्विटिन नावाची खूण लावते. त्या खुणेले धरून ठेवणारे तुकडे आमी बनवतो."

"धरून ठेवलं का मंग मोडणाऱ्याचं काही चालत नाही?"

"नाही चालत. पण एकट्या तुकड्याची पकड ढिली, लगेच सुटते. म्हणून चार तुकडे एकाले एक जोडतो. मंग कोणी सोडवून दाखवावं!"

"चार," निर्मलाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गावाच्या ग्रुपवर फोटो आला. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं मोहाचं झाड, रस्ता रुंद करायला तोडायचं म्हणून बुंध्यावर लाल रंगानं नंबर टाकलेला. बुंध्याभोवती माय, काकू आणि शेजारच्या दोघी, हातात हात घट्ट गुंफून उभ्या. करवतवाले बाजूला बिड्या ओढत बसलेले.

चेतनानं घाबरून फोन लावला. तिकडे कोणीतरी तो मायच्या कानाशी धरला. "माय, हे काय करून राहिली तू? पोलिस येतील ना!"

"येऊ दे. काल सकाळी मी एकटीच बिलगली होती, त ओढून फेकलं मले. आज चौघी आहो. आता सोडवून दाखवा म्हणा."