टाका चुकवणारी दहा गाणी

“आता सांगीन ते तुमी कोनी माननार नाही,” असं म्हणून सेवकराम टेलरने कात्री खाली ठेवली.

ही त्याची नेहमीची सुरुवात. नागझिऱ्याच्या अस्वलाने आपल्याकडून बंडी शिवून घेतली आणि काखेत काचते म्हणून परत आणली, ही गोष्टही त्याने अशीच सुरू केली होती. गोरेगावात ती कोणी मानली नव्हती, पण तीनदा ऐकली होती. आज मात्र ऐकणारे दोघंच. बंडीच्या मापाला आलेले केशोराव, आणि दाराशी उजेडात बसून काजं करणारी त्याची बायको वच्छला.

घटकाभरापूर्वीच समोरच्या हॉटेलातल्या रेडिओने वर्षाची आवडती दहा गाणी लावली होती. सत्तावन्न साल सरत होतं. रेडिओवाले कार्डं मागवत, त्यातलं एक निवडत आणि पाठवणाऱ्याच्या नावासकट वाचत. ‘गोरेगावहून सेवकराम टेलर’ हे नाव आज सलग तिसऱ्या वर्षी आलं. हॉटेलातल्या लोकांनी बाकडी बडवली, सेवकरामला हाताला धरून नेलं आणि चहा पाजला. गाण्याचा पारखी म्हणजे आपला टेलर, असं जो तो म्हणत होता.

तो परत आला तेव्हा वच्छला सुईत दोरा ओवत होती. तिने वरही पाहिलं नाही. तेच त्याला टोचत होतं.

कारण गाणी तिची होती. सेवकरामला दोन गाण्यांतला फरक कळत नसे. मशीन चालू असली की समोर रेडिओ लागला आहे की भांडण, हेही कळत नसे. वच्छला काजं करता करता ऐकायची. तिची पारख अगदी साधी. ज्या गाण्याने हातातला टाका चुकला, ते गाणं चांगलं. चुकलेलं काज ती उसवत नसे. कोणाच्या कोटाचं तिसरं काज वाकडं, कोणाच्या सदऱ्याचं गळ्याशी, हे तिला पाठ असे. वर्ष सरताना ती सांगे, मास्तरांच्या कोटाचं गाणं सगळ्यात वर, पाटलाच्या सदऱ्याचं त्याच्या खाली. मग एकेकाचा मुखडा गुणगुणे. शाळेत ती कधी गेली नव्हती, म्हणून लिहायचं काम सेवकरामचं.

पहिल्या वर्षी त्याने खाली आपलं नाव घातलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही. दुसऱ्या वर्षी सुचलं, पण तोवर दंडारीच्या नाच-नाटकाला मंडळींनी त्याला पुढच्या सतरंजीवर बसवायला सुरुवात केली होती. यंदा वच्छला स्वतःच बोलली. दाताने दोरा तोडला आणि मान खालीच ठेवून म्हणाली, “या खेपेस माहं नाव टाकजा.”

त्याने हो म्हटलं. दहाही गाणी नीट वळणदार लिहिली. मग हात सवयीने पुढे गेला आणि ‘सेवकराम टेलर’ लिहून मोकळा झाला. खाली बोटभर जागा उरली होती. त्या जागेकडे तो बराच वेळ बघत बसला. तोवर शाई वाळली. महिना झाला, त्याला भात गोड लागत नव्हता.

तर सेवकराम सांगू लागला. कार्डावर त्याने दोन नावं लिहिली होती. वच्छलेचं वर, आपलं खाली. पण झालं काय, की रेडिओवर वाचणारा जो गृहस्थ आहे, त्याच्याही बायकोचं नाव वच्छला. ही बातमी गोंदियाच्या एका रेल्वे गार्डाने मागेच दिली होती, आणि तो गार्ड त्या गृहस्थाचा सख्खा साळा. आता साऱ्या मुलखाच्या कानात आपल्याच बायकोचं नाव घ्यायचं कसं? बिचारा अडला. दोनदा खाकरला, ते केशोरावांनी ऐकलंच असेल. शेवटी त्याने एक नाव गिळलं आणि दुसरं वाचलं.

केशोरावांनी खाकरणं ऐकलं नव्हतं, तरी त्यांना ते पटलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतः बायकोला ‘ऐकलं कां’ यापलीकडे हाक मारली नव्हती. फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येईना.

“गाणे तं तुमचे, टेलरभाऊ,” ते म्हणाले. “मंग वैनीचं नाव कायले?”

सेवकरामने वच्छलेकडे बघितलं. तिची सुई थांबली होती. खरं सांगायला एवढी मोकळी जागा त्याला तीन वर्षांत मिळाली नव्हती.

“अर्धांगी आहे ना जी,” तो म्हणाला. “म्हटलं, तिचंही नाव होऊन जाऊ द्या.”

केशोरावांनी मान डोलावली. असा नवरा पंचक्रोशीत शोधून सापडायचा नाही, हे त्यांनी वच्छलेला दोनदा ऐकवलं. सेवकरामचे कान तापले. तो कात्री शोधू लागला. ती त्याच्या पुढ्यातच पडली होती.

वच्छलेने काज पुरं केलं, गाठ मारली आणि सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. आवाज तिने चढवला नाही.

“कार्ड डब्यात टाकाले तुमी मलेच देल्लं होतं जी,” ती म्हणाली. “एकच नाव होतं त्याच्यावर. तुमची मापाची वही पाहू पाहू अक्षरं शिकली म्या. वाचूनच टाकलं.”