दारापाशी कुणीतरी

“ताई, दार वाजवू नका. तुम्ही वाजवलंत की ती आतून ढकलते,” लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणाला.

मुलीची आई थांबली, पण तिचा हात दारावरून निघेना. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती. आत तिची सात वर्षांची मुलगी एकटीच होती आणि अर्धा तास उलटून गेला होता.

त्याने चावी लावून तिसऱ्या मजल्यावरचं बाहेरचं दार चार बोटं सरकवलं. लिफ्टचा तळ त्याच्या छातीला आला होता. त्याखाली तीन मजले रिकामी पोकळी होती. वर लिफ्टच्या दाराच्या फटीतून चिमुकली बोटं बाहेर आली होती. मुलीने दार उघडून खाली उतरायचा प्रयत्न केला असता, तर ती थेट त्या पोकळीत गेली असती. आवाज मात्र त्याने चहा मागताना असतो तसाच ठेवला.

“ही बोटं कुणाची?”

“माझी,” आतून रडका आवाज आला.

“मग आत घे बरं. चेंगरली तर माझ्याकडे जादाची नाहीत.”

बोटं आत गेली. त्याने दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून खालीच फतकल मारली.

कंपनीत त्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. अडकलेल्या लिफ्टच्या दाराशी बसला की तो बंद व्हायचंच नाव घेत नसे. यंत्रखोलीतलं काम दुसऱ्यावर टाकून हा खाली गप्पा ठोकतो, म्हणून साहेबांनी दोनदा समज दिली होती. एकदा त्याची बढतीही हुकली. त्याने मान डोलावली आणि पुढच्या वेळी पुन्हा दारापाशीच बसला. अशा माणसाला काय बोलणार?

त्याचा फोन वाजला. गच्चीवरच्या यंत्रखोलीतून नवी इंजिनिअर बोलत होती. तिला रुजू होऊन तीनच महिने झाले होते.

“काका, लिफ्ट हाताने खाली घ्यायचं चाक फार जड जातंय. तुम्ही वर या ना.”

“मी इथून हलणार नाही. वॉचमनला बोलाव. ब्रेकचा दांडा तो धरेल, चाक तू फिरव.”

“खाली तिची आई आहे की.”

“आई घाबरलीय. दारापाशी धड बोलणारं कुणीतरी हवं.”

ती काहीतरी पुटपुटली आणि फोन ठेवला.

आत पुन्हा मुसमुसणं सुरू झालं. दार करकरलं.

“ए, ऐक. मी तुझ्याएवढा असताना असाच अडकलो होतो,” तो घाईने म्हणाला. “मागच्या भिंतीला टेकून बस, मग सांगतो. बसलीस?”

“बसले.”

“दुपारची वेळ होती. दादा आणि मी लिफ्टशी खेळत होतो. आईने शंभरदा बजावलं होतं, पण आम्ही दोघंही अव्वल नंबरचे वाह्यात. मी आत शिरलो, दादा बाहेर राहिला, आणि लिफ्ट बंद पडली.”

“मग?”

“मग काय, मी भोकाड पसरलं. आणि दादा बाहेर, असाच दाराला टेकून बसला. म्हणाला, मी इथेच आहे, कुठे जात नाही. लिफ्टवाला येईपर्यंत त्याची टकळी चालूच होती. शाळेतल्या गमती सांगितल्या, मास्तरांच्या नकला केल्या. शेवटी मीच कंटाळून म्हटलं, दादा, आता जरा गप्प बस.”

आत किंचित हसू फुटलं. जिन्यावर बसलेल्या आईने डोळे पुसले.

“आत अंधार होता?” मुलीने विचारलं.

तो अडखळला. “असेल. आठवत नाही गं.”

“मला अंधाराची भीती वाटते.”

“वाटू दे. भीती वाटली तरी बसून राहता येतं. मी कुठे जात नाही.”

मग मास्तरांच्या नकला झाल्या. मुलीने आपल्या बाईंची नक्कल करून दाखवली, आणि ती त्याच्यापेक्षा सरस निघाली. एवढ्यात वर काहीतरी खडखडलं आणि लिफ्ट इंचाइंचाने खाली येऊ लागली. तो बोलतच राहिला. तळ जमिनीला लागला, वरून फोन आला, तेव्हाच त्याने दार उघडलं.

मुलगी आईला बिलगली. आईने तिला एक धपाटा घातला आणि लगेच पोटाशी धरलं. निघताना मुलगी मागे वळली.

“काका, दादाला सांगा, मी थोडीशीच रडले.”

“सांगतो,” तो म्हणाला.

इंजिनिअर घामाघूम होऊन जिना उतरून आली. चाक फिरवून तिचे तळहात लाल झाले होते. मुलीच्या आईने तिला सगळी गोष्ट सांगितली, दोन्ही हात धरून आभार मानले आणि लेकीला घेऊन घरात गेली.

इंजिनिअर त्याच्याशेजारी पायरीवर टेकली.

“सॉरी काका. मघाशी मनातल्या मनात तुम्हाला बरंच बोलले. वाटलं, म्हातारा कामचुकार आहे.”

“वाटतं सगळ्यांना.”

“असा भाऊ मिळायला नशीब लागतं हो. हल्ली काय करतात तुमचे दादा?”

त्याने आपली अवजारं एकेक करून पिशवीत भरली.

“लिफ्ट दुरुस्त करतो.”

“म्हणजे दोघंही याच कामात?”

“नाही,” तो म्हणाला. “आमच्यात थोरला मीच. आत धाकटा होता. मी घाबरून घरी पळालो, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला काही बोललो नाही.”