नाव झाकलेली वडी

"शेपूत काही वाईट नाही, बाई. वाईट आहे ते त्याचं नाव. नाव झाका, शिव्या घालणारेच ताटली चाटतील," देवव्रत छातीठोकपणे म्हणाला.

जयंतीबाईंचा मुलुंडला फ्रोझन पदार्थांचा छोटा कारखाना होता. त्यांची शेपूची वडी दुकानदार फ्रीजरच्या तळाशी ढकलायचे. आजचा रिसर्च जमला, तर वडीची इमेज सुधारायचं वर्षभराचं काम देवव्रतला मिळणार होतं. नाही जमला, तर त्याच्या एजन्सीला टाळं.

एजन्सी म्हणजे तो आणि गार्गी. गार्गी हळूच म्हणाली, "सर, खाताना लपेल. पण नंतर ढेकरात कळतं ना."

"ढेकर रिसर्चमध्ये धरत नाहीत गं."

हॉलमध्ये दहा जण जमले. फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, कोणती भाजी अजिबात आवडत नाही? नऊ जणांनी शेपू लिहिलं. रिटायर्ड क्लार्क गुणाजी राण्यांनी तर खाली दोन रेघा मारल्या आणि शेजाऱ्याला सांगितलं, लग्नाला तीस वर्षं झाली, पण घरात शेपूची काडी शिरू दिली नाही. त्यांच्या बायकोने, रत्नप्रभाने, ती जागा कोरीच ठेवली.

वड्या आल्या. गरम, खमंग, बिननावाच्या. कोणी म्हणालं कोथिंबीर, कोणी म्हणालं पालक. गुणाजींनी तीनदा मागून घेतल्या. 'परत खाल का?' या प्रश्नापुढे दहाच्या दहा जणांनी 'हो' लिहिलं. देवव्रतने आनंदाच्या भरात स्वतः चार हाणल्या. मग उकडतंय म्हणून सगळ्यांना थंडगार सोडा पाजला, स्वतःही एक बाटली रिकामी केली आणि कॅमेरा लावायला सांगितला. पहिला माइक गुणाजींसमोर धरला.

"अशी वडी मी उभ्या जन्मात," गुणाजी म्हणाले आणि त्यांना ढेकर आला.

स्पीकर मोठे होते. ढेकर दोन्ही भिंतींवर आपटून परत आला. गुणाजींनी नाक आक्रसलं. मागच्या रांगेतून कोणीतरी ढेकर दिला आणि म्हणालं, "शेपू." मग ज्याने त्याने आपापल्या ढेकराची खात्री करून घेतली. लोक फॉर्म परत मागायला लागले. जयंतीबाईंनी पर्स उचलली.

गुणाजी मात्र तसेच उभे होते. कसलातरी हिशेब लागत असल्यासारखे.

"हा ढेकर तर मला दर गुरुवारी येतो," ते म्हणाले.

सगळा हॉल रत्नप्रभाकडे वळला. गुरुवारी राण्यांकडे पालकाचं थालीपीठ असायचं. ढेकर यायचे म्हणून गुणाजी तीस वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात होते.

रत्नप्रभाने शेवटची वडी तोंडात टाकली. "मग? दर गुरुवारी दोन-दोन मागून खाता ना तुम्ही?"

जयंतीबाईंनी पर्स खाली ठेवली. त्या सरळ रत्नप्रभासमोर जाऊन बसल्या आणि वर्षभराचं काम त्यांनी तिथल्या तिथे तिला देऊन टाकलं.

देवव्रतने मन मोठं केलं. अभिनंदनाचे चार शब्द बोलावेत म्हणून त्याने माइक तोंडाजवळ नेला. पहिल्या शब्दाच्या आधी त्याला ढेकर आला.