दोन्हीकडे सारखं

कोलेटने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि हातमोजे काढायच्या आधीच विचारलं, "टेसासाठीचं तेवढं यातून काढून देता येईल ना?"

"येईल की," कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणारा लॉर्न म्हणाला. "बसा. आत्ता होईल."

तिचा नवरा गार्थ त्याच वीज कंपनीचा सर्व्हेअर. वरती उत्तरेला, विजेच्या नव्या लाइनवर त्याचा मुक्काम असायचा. तिथे इंटरनेट नव्हतं. संध्याकाळी तो मुलीसाठी, टेसासाठी, गोष्टी सांगून लॅपटॉपवर आवाज भरून ठेवी आणि विनिपेगला परतला की लॅपटॉप तिच्या उशाशी ठेवी, तो नसतानाच्या गोष्टी झोपताना ऐकायला. या खेपेला परतताना बर्फावरून ट्रक घसरला, त्यात तो गेला. लॅपटॉप मात्र धड होता.

"त्याला सांगून दमलो मी," लॉर्न म्हणाला. "म्हटलं, ऑफिसात आलास की तार जोडत जा, सगळं इकडे उतरून राहील. तर म्हणे, तुझ्या सर्व्हरला कशाला माझं रेकणं ऐकवू?"

कोलेटला हसू आलं. "रेकायचाच. गोष्टीत अस्वल आलं की गाणं ठरलेलं."

कंपनीच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह चालत नसे. फाइली आधी सर्व्हरवर आणायच्या, मग तिथून काढायच्या, एवढाच रस्ता. लॉर्नने तार जोडली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली.

लॅपटॉपच्या फोल्डरमधल्या फाइली कमी होत होत्या.

त्याने तार उपटली. तोवर फोल्डर रिकामा झाला होता.

गार्थचं खातं सोमवारी बंद झालं होतं. माणूस गेला, सोडून गेला किंवा काढला, की सर्व्हरवरची त्याची जागा रिकामी करतात. ती लॉर्ननेच केली होती, आणखी चार नावांबरोबर, कॉफी पिता पिता. तार जोडली की दोन्हीकडे सारखं व्हायचं, आणि वाद आला तर सर्व्हरचं खरं, हा नियमही त्यानेच बसवलेला. सर्व्हरवर काहीच नव्हतं. लॅपटॉपनेही ते मानलं.

तो बराच वेळ खटपट करत राहिला. चोरीच्या भीतीने या डिस्कना कुलूप घातलेलं असतं. पुसलेलं परत येत नाही. हे त्याला ठाऊक होतं, तरी तो करत राहिला. कोलेट त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"लॉर्न, काय झालं?"

"गेल्या. माझ्या हातून गेल्या. खातं बंद केलंय हे डोक्यातच आलं नाही."

"सगळ्या?"

त्याने होकारार्थी मान हलवली. ती हातमोजे उलटसुलट करत राहिली. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होतं.

"तुम्ही एखादी तरी ऐकलीत का?" तिने विचारलं.

"तार जोडायच्या आधी एक उघडली होती. चालतेय का बघायला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'हं टेसा, काल कुठवर आलो होतो आपण?'"

कोलेट टेबलावर पुढे वाकली.

"आणि पुढे?"

"पुढे मी बंद केली," लॉर्न म्हणाला. "म्हटलं, घरातलं आहे. आपण ऐकू नये."