सहा खुंट्या

"इथे सही करा," ती म्हणाली.

बेटावरच्या एकुलत्या एक विश्रामगृहाचा म्हातारा मालक चष्मा शोधू लागला. बाहेर माडांची रांग, कोमट निळं पाणी, ना बाजार ना गर्दी. गेल्या वर्षी ती नवऱ्याबरोबर ही शांतता शोधत आली, तेव्हा या माणसाला काका काका म्हणत होती. आज तो शब्द तिने टाळला.

दाराशी फळीवर सहा खुंट्या होत्या, सहा खोल्यांच्या. समुद्रात जाताना किल्ली खुंटीला अडकवायची, आल्यावर काढून घ्यायची. एका खोलीला एकच किल्ली. दिवस मावळताना खुंटीवर किल्ली दिसली, की मालकाने शोधायला होडी काढायची.

त्या दिवशी होडी निघालीच नाही.

"यांनी माझ्यासमोर किल्ली अडकवली होती. डोकं फुटायला आलं म्हणून मी दुपारीच परतले, गोळी घेऊन खोलीत झोपले, ती अंधार पडल्यावर उठले. हे सकाळी वाहत किनाऱ्याला लागले. तुम्ही फळीकडे पाहिलं कसं नाही?"

"विसरलो, ताई."

"एवढंच?"

"वय झालं. चूक माझीच."

तिला त्याचा गळा आवळावासा वाटला. दिरांनी बजावलं होतं, म्हातारा कानांवर हात ठेवेल, वकील लागेल. हा तर भांडायलाही तयार नव्हता. या कबुलीजबाबावर सही झाली की परवाना जाणार आणि तो उघड्यावर पडणार, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने न वाचताच सही केली, वर चहाचं विचारलं.

"नको. बोट येईपर्यंत खोलीत बसते."

त्याने चार नंबर उघडून दिली, गेल्या वर्षीचीच खोली. कुलूप नवंकोरं होतं.

"जुनं बिघडलं," तो तिने न विचारताच म्हणाला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरच्या पिशवीवर गेली. "ही त्या दिवशीचीच ना?"

"हो. वर्षभर उघडली नाही. धीरच होत नाही."

"नकाच उघडू, ताई. जाताना पाण्यात सोडून द्या."

तो गेला. हा कोण मला शिकवणारा, असं म्हणत तिने पिशवी पलंगावर उपडी केली. वाळू पडली, कडक झालेला टॉवेल पडला, डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट पडलं, आणि सगळ्यात शेवटी, लाकडी बिल्ल्यासकट, चार नंबरची जुनी किल्ली.